जास्त रनिंगची टूरिंग गाडी विकताना

मीटरवर ८४,००० किलोमीटर दिसले की गिऱ्हाईक गाडी नीट न बघताच भाव पाडतं. माझी थंडरबर्ड मोटारसायकल विकताना पुढच्या गोष्टी कामी आल्या.

१. सर्व्हिसची बिलं किलोमीटरच्या क्रमाने फाईलला लावा. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर कधी बदलले ते वरच्या कागदावर लिहा. ऑईलचे डाग पडलेलं, चुरगळलेलं बिलही ठेवा. विश्वास त्यावरच बसतो.

२. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी अजिबात चालू करू नका. थंड इंजिनला हात लावू द्या, मग स्टार्टर त्यालाच मारू द्या.

३. पन्हाळ्याच्या चढावर चालवायला द्या, तुम्ही मागे बसा.

मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही मात्र देऊ नका. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता भरूनच सही करा आणि आरसीवर नाव बदललं का, ते स्वतः तपासा.