रोज मल्टिव्हिटॅमिन घ्यावी का? पाकीट फोडण्याआधी हे करा

चाळीसगाव असो की शहादा, बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते: "भाऊ, ताकदनी गोळी द्या." रंगीत पाकीट पुढे सरकतं आणि मग ती गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. गोळी वाईट आहे असं नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत हिशेब जमत नाही. ज्याच्या अंगात खरी कमतरता आहे त्याला ती अपुरी पडते आणि ज्याला कमतरता नाही त्याचे पैसे जातात.

१. गोळी कशासाठी हवी, ते ठरवा

आयुष्य वाढावं म्हणून घेत असाल तर थांबा. अमेरिकेत सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगल्याचं दिसलं नाही. हा अभ्यास २०२४ चा. त्याआधी पन्नाशी गाठलेल्या सुमारे १४,६०० पुरुष डॉक्टरांवर मोठी चाचणी झाली होती. २०१२ साली तिचे निष्कर्ष आले: हृदयविकार टळला नाही, कॅन्सरचं प्रमाण मात्र किंचित, सुमारे ८ टक्क्यांनी, कमी दिसलं. ही सगळी माणसं अमेरिकेतली, त्यांचं ताट वेगळं. म्हणून आपलं उत्तर आपल्या ताटातच शोधावं लागतं.

थकवा हेच कारण असेल तर गोळीआधी डॉक्टर गाठा. रक्त कमी असणं, थायरॉइड, शुगर, अपुरी झोप, यांतलं काहीही असू शकतं. 'ताकदीच्या' गोळीने ते बरं होत नाही, फक्त निदान लांबतं.

२. ताट तपासा

कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, सोबत पालेभाजी, तुरीचं वरण, ठेचा. हे रोज पोटात जात असेल तर बी गटातली बरीचशी जीवनसत्त्वं आणि फॉलिक अॅसिड मिळतंच. हिवाळ्यात मेहरूणची बोरं आहेत, एरवी लिंबू आहे. 'क' जीवनसत्त्वासाठी गोळी कशाला? जेवणात लिंबू पिळलं की भाकरी-भाजीतलं लोहही चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून तासभर तरी थांबा.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली बी १२. ते वनस्पतीत नसतं. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच येतं. माळकरी घर असेल आणि दूध फक्त चहापुरतं येत असेल तर बी १२ कमी निघण्याची शक्यता बरीच. केळी भरपूर खाल्ली तरी ही उणीव भरत नाही (रावेर-यावलकडच्यांनी रागावू नये). शुगरसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी १२ घटू शकतं.

दुसरी अडचण डी. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी डी कमी निघतं, कारण ते ऊन आपण अंगावर घेतच नाही आणि घेऊही नये. काचेआडून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. थंडीत दुपारच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं त्यापेक्षा बरं.

३. मोजक्याच तपासण्या करा

साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज नको. डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी १२, गरज वाटली तर डी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), एवढं बहुतेकदा पुरतं. हातापायाला मुंग्या, तोंड येणं, चालताना तोल जाणं असं काही होत असेल तर टाळाटाळ करू नका. बी १२ ची कमतरता लांबली तर नसांना कायमची इजा होऊ शकते.

४. जे कमी आहे, तेवढंच भरा

निरोगी प्रौढाची रोजची गरज बी १२ साठी २.२ मायक्रोग्रॅम आणि डी साठी ६०० युनिट धरली जाते. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिन गोळ्या याच्या आसपास असतात. पण बी १२ खरंच घसरलेलं असेल तर तोंडाने रोज १,००० मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा इंजेक्शनने द्यावं लागतं. तिथे मल्टिव्हिटॅमिन कुठे पुरणार?

डी च्या ६०,००० युनिटच्या पुड्या आठवड्याला एक अशा ठरावीक काळापुरत्या देतात. मुदत संपल्यावर त्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर ताण येतो.

गरोदर बाईला उपकेंद्रात लोह-फॉलिक अॅसिडची लाल गोळी मोफत मिळते, किमान १८० दिवस घ्यायची. आशाताईंना विचारा. मूल हवं असेल तर फॉलिक अॅसिड गर्भ राहण्याआधीपासूनच सुरू करायचं असतं.

५. या माणसांनी विचारल्याशिवाय घेऊ नये

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. रक्त कमी दिसलं म्हणून त्यांना लोह असलेली गोळी देऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं) जास्त असलेली गोळी टाळा; फिनलंडमधल्या चाचणीत, १९९४ साली, अशा पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला. गरोदरपणात 'अ' जीवनसत्त्वाचे जादा डोस बाळाला घातक. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर 'के' असलेली गोळी त्याचा परिणाम कमी करते.

६. तरीही घ्यायचीच असेल तर

भूक मंदावलेले म्हातारे आई-वडील, आतड्याचं ऑपरेशन झालेला माणूस, यांना ती खरंच उपयोगी पडू शकते. जेवणानंतर घ्या, अ, डी, ई, के यांना शोषणासाठी तेल-तूप लागतं. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम असलेली गोळी यांत चार तास ठेवा. लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका, ते जादाचं बी २ बाहेर पडतंय. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व खूप असतं आणि त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा. डॉक्टरांनी कमतरता भरायला औषध दिलं असेल तर साधारण तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करा आणि गोळी बंद करायची का, हे तो रिपोर्ट दाखवूनच विचारा.