एका घराचे तीन फ्लॅट करताना या चुका टाळा

मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, नंदनवन. नागपूरच्या कुठल्याही जुन्या ले-आउटमध्ये गेलात तरी तीस बाय पन्नासचा प्लॉट आणि त्यावर वडिलांनी बांधलेलं घर दिसेलच. मुलांची लग्नं झाली की बेत ठरतो: खाली थोरला, वर धाकटा, मागच्या दोन खोल्या भाड्याने. मिस्त्री येतो, मधली दारं बुजवतो, बाहेरून लोखंडी जिना चढवतो आणि घरच्यांना वाटतं, झाले फ्लॅट. मंजूर नकाशावर जोवर ते वेगवेगळे गाळे म्हणून दिसत नाहीत, तोवर कागदोपत्री ते एकच घर असतं. विकताना, कर्ज काढताना, वाटणी करताना हेच आडवं येतं.

"आतलंच काम आहे, परवानगी कशाला?"

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात घराच्या फक्त आतल्या दुरुस्तीला सूट आहे, हे खरं. प्लास्टर, फरशी, रंग यासाठी कोणी फाईल मागत नाही. पण लोक ही सूट फार ताणतात. गाळ्यांची संख्या वाढली, नवा जिना आला, बाजूच्या मोकळ्या जागेत संडास-बाथरूम निघालं, की पार्किंगपासून मलवाहिनीपर्यंत सगळा हिशेब बदलतो आणि सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. न केल्यास याच कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढायची, नोटीस मालकाच्या नावाने येते. मिस्त्री तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

घरटॅक्सची पावती आणि तीन मीटरची तीन बिलं हा बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नाही. कर अनधिकृत बांधकामावरही लागतो, वरून शास्तीही बसू शकते.

कागद आधी, घण नंतर

आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), विक्रीपत्र, जुना मंजूर नकाशा आणि ले-आउट नियमित झालेला असेल तर त्याचं नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल, एवढं टेबलावर ठेवूनच आर्किटेक्टला किंवा परवानाधारक इंजिनिअरला बोलवा. तुमच्या ले-आउटची फाईल मनपाकडे जाते की नागपूर सुधार प्रन्यासकडे, हे त्याच्याकडून पक्कं करून घ्या. शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. प्रन्यासची लीज किंवा नझूलची, म्हणजे सरकारी, जमीन असेल तर लीजच्या अटी शब्दन् शब्द वाचा. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला, प्लॉट आधी नियमित व्हायला हवा, त्यानंतरच नकाशाचा विषय.

एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं या हिशेबात, पुष्कळ जण फसतात. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. दाट वस्तीचा भाग सोडला तर मूळ एफएसआय १.१ आहे. जुन्या नकाशात जिना आणि बाल्कनी हिशेबाबाहेर सोडलेली असायची. आता ती मोजली जातात आणि त्यासाठी प्रीमियम भरून जास्तीचा एफएसआय घ्यावा लागतो. "वडिलांच्या वेळी चाललं होतं" हे खिडकीपलीकडचा माणूस ऐकून घेत नाही.

सर्वांत जास्त नडतो तो बाहेरचा जिना. तो साइड मार्जिनमध्ये येतो, म्हणजे नेमका जिथे काहीच बांधायचं नाही तिथे. जिना आतच बसतो का ते आधी पाहा, भले एक खोली लहान झाली तरी चालेल. राहत्या इमारतीत पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पाय ठेवायला २५ सेंटिमीटर तरी हवेत. बाहेरच्या लोखंडी जिन्यांवर ही मापं क्वचितच सापडतात, आणि त्यावरून रोज म्हातारी माणसं चढतात.

बिनखिडकीची मधली खोली

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. जुन्या घरात मधल्या खोलीला पुढून-मागून दारं असायची, त्यातून वारा खेळायचा. वाटणीत एक दार बुजलं की त्या खोलीची कोठी होते, आणि तिथेच कोणाची तरी बेडरूम ठरते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलर लावायला बाहेरची खिडकी लागते, शिवाय ओली हवा बाहेर पडायला समोर दुसरी वाट लागते. ती नसेल तर दोन दिवसांत गाद्या दमट होतात, भिंतीला बुरशी धरते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंद हवी. दोन असतील तर दुसरी ७.५ चालते. खिडकी बसतच नसेल तर तिथे झोपायची खोली काढू नका, सामानाची करा. तीनऐवजी दोनच फ्लॅट होतील, होऊ द्या.

भिंती

१९८०-९० च्या घरांत नऊ इंची भिंतींवरच स्लॅब टेकलेला असतो. हॉल मोठा करायला अशी भिंत पाडली की वरच्या स्लॅबला आधार उरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीमचं डिझाइन काढून दिल्याशिवाय आणि खाली टेकू लावल्याशिवाय अशा भिंतीवर घण पडू देऊ नका.

उलटी चूकही होते: वरच्या मजल्यावर खाली बीम नसताना विटेची भिंत उभी करणं. साडेचार इंची, दहा फूट उंच भिंत प्लास्टर धरून एका मीटर लांबीला सातशे-आठशे किलो भरते. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) भिंत त्याच्या निम्म्याहून हलकी पडते. नव्या बाथरूमखाली विटांचा रोडा भरून कोबा करण्याआधीही हेच वजन डोक्यात ठेवा.

नव्या जिन्याच्या सांध्यात तिरकी चीर पडली असेल तर पुट्टी भरून ती थांबणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जिन्याचा उथळ पाया तिच्यासोबत हलतो, घराचा पाया जागेवर राहतो. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि जुन्या भिंतीला तो घट्ट न बांधता सांधा मोकळा सोडावा.

राहायला गेल्यावर कळणारे बिघाड

वर फ्लश केला की खालच्या मोरीत गुडगुड होते, वास येतो? मलवाहिनीला हवेची वाट नाही. उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन त्यावर टोपी बसवा. तीन स्वयंपाकघरांचं पाणी एकाच जुन्या चेंबरमध्ये सोडलं असेल तर चोकअप होणारच. प्रत्येक वळणावर उघडता येईल असं चेंबर हवं.

मीटर वेगळे केल्यापासून आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडते? दोन फ्लॅटचे न्यूट्रल कुठेतरी आत जोडलेले राहिले असण्याची शक्यता मोठी. जुनं वायरिंग तसंच ठेवून फक्त मीटर वाढवला की असं होतं. प्रत्येक फ्लॅटची लाइन बोर्डापासून वेगळी ओढून घ्या.

विक्रीचा टप्पा

भावाभावांतली नोटरी केलेली वाटणी घरात चालते, सब-रजिस्ट्रारकडे चालत नाही. वाटणीपत्र नोंदवलेलं हवं. फ्लॅट वेगळे विकायचे तर मंजूर नकाशे लागतात. बँक भोगवटा प्रमाणपत्र मागते. नकाशा नसेल तर हे सगळं एकाच जागी अडतं, आणि तेही इसार घेऊन झाल्यावर.

काम आधीच होऊन गेलं असेल तर घाबरून लपवू नका. जसं आहे तसं मोजून नकाशा काढून घ्या आणि मंजूर नकाशाशी ताडून पाहा. नोटीस आली असेल तरी कलम ५३ मध्येच बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करायची तरतूद आहे, फक्त नोटिशीतली मुदत चुकवू नका. नियमात बसणारा भाग शुल्क भरून नियमित होऊ शकतो. मार्जिनमधला जिना आणि संडास मात्र स्वतःच काढा, आणि ते काढल्यावर पुन्हा माप घेऊनच फाईल टाका.