मुलाच्या फूड ॲलर्जीची पहिली तपासणी: या चुका टाळा

मुलाच्या अंगावर लाल चट्टे आले की आपण म्हणतो 'पित्त उठलं', आणि आंबट उलटी झाली तरी म्हणतो 'पित्त झालं'. ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर हा एक शब्द सगळा घोळ घालतो. उंचवट्याच्या, खाजणाऱ्या गांधी उठल्या असतील तर 'गांधी' म्हणा, उलटी झाली असेल तर 'उलटी' म्हणा. पहिल्या भेटीत निदानाचा मोठा भाग तुमच्या हकिकतीवर उभा असतो. चाचण्यांचा अर्थही तिच्याच आधारे लावला जातो.

हकिकत मोघम सांगणे

'शेंगदाण्याने त्रास होतो' एवढ्याने काही कळत नाही. प्रत्येक प्रसंग वेळेसकट लिहून न्या. उदाहरणार्थ: ७.१० साबुदाण्याची खिचडी, दोन चमचे. ७.२५ ओठ सुजले, हनुवटीवर गांधी. ७.४० एक उलटी. ७.४५ सिट्रिझिन (ॲलर्जीचं औषध) दिलं, किती मिली तेही. ९ वाजता गांधी ओसरल्या.

ही मिनिटं महत्त्वाची आहेत. नेहमीची तात्काळ ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. दूध प्यायल्यावर नुसता गॅस आणि जुलाब होत असतील, गांधी किंवा सूज कधीच नसेल, तर दुधातली साखर न पचण्याची शक्यता जास्त. त्या दिवशी ताप होता का, तापाचं किंवा दुखण्याचं औषध दिलं होतं का, खाऊन लगेच धावपळ केली का, हेही लिहा. यामुळे त्रास वाढू शकतो.

गांधींचा फोटो लगेच काढा. त्या बहुतेकदा काही तासांत विरतात आणि डॉक्टरांना कोरी त्वचा दिसते. पाकिटातला पदार्थ असेल तर मागच्या बाजूचा, घटकांच्या यादीचा फोटो हवा. पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोया यांची सूचना असते. तीळ मात्र भारतातल्या सक्तीच्या ॲलर्जी सूचनेत नाहीत, ते घटकांतच शोधावे लागतात. घरचं जेवण असेल तर कूट कशाकशात पडलं ते आठवा: खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, वड्यासोबतची सुकी चटणी.

आणि जे त्रासाशिवाय पचतं, तेही सांगा. अंड्याच्या बुर्जीने गांधी उठतात पण केक चालतो, ही माहिती पुढची सगळी दिशा बदलते.

आधीच मोठं पॅनल करून घेणे

लॅबमधून शंभर पदार्थांचा रिपोर्ट घेऊन येणारे पालक बरेच असतात. रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) वाढलेली असली तरी ॲलर्जी असेलच असं नाही. मुंबईच्या दमट हवेत घराघरांत धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे) आणि झुरळं असतात. त्यांच्यातलं एक प्रथिन कोळंबीतल्या प्रथिनाशी जुळतं. त्यामुळे मजेत कोळंबीचं कालवण खाणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्येही कोळंबी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. आयजीजी या वेगळ्या प्रतिपिंडाच्या 'इनटॉलरन्स' चाचण्या ॲलर्जीच्या निदानासाठी निरुपयोगीच, त्यावर पैसे घालवू नका.

अशा रिपोर्टवरून दूध, गहू, अंडी, डाळी एकदम बंद करणं ही याहून मोठी चूक. वाढ खुंटते हा एक धोका. दुसरा कमी माहीत असलेला: विशेषतः एक्झिमा (कोरडी, खाजणारी त्वचा) असलेल्या मुलांत, बिनत्रासाचा पदार्थ बराच काळ बंद ठेवून पुन्हा दिल्यावर खरी रिॲक्शन येऊ शकते. ज्याने खरोखर त्रास झाला तेवढंच थांबवा. 'बघू तरी' म्हणून घरी चाटवून पाहू नका, ती परीक्षा दवाखान्यातच होते.

सिट्रिझिन चालू ठेवून स्किन टेस्टला जाणे

हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकं टोचतात आणि सुमारे १५ मिनिटांनी फुगवटा मोजतात. तुलनेच्या कोऱ्या थेंबापेक्षा ३ मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. अंगात अँटिहिस्टामिन (सिट्रिझिनसारखं ॲलर्जीचं औषध) असेल तर फुगवटा येत नाही किंवा कमी येतो. सिट्रिझिन, लेवोसिट्रिझिन, फेक्सोफेनाडिन साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, नेमके दिवस क्लिनिकला विचारा. पावसाळ्यात चुकतं ते सर्दीच्या सिरपमुळे: त्यातलं क्लोरफेनिरामिनही अँटिहिस्टामिनच. सगळ्या बाटल्या सोबत न्या. त्या सकाळी हातांना, पाठीला तेल किंवा क्रीम लावू नका.

दम्याचा पंप मात्र बंद करायचा नाही. मध्येच रिॲक्शन आली तर उपचार द्यायचेच, मग टेस्टची तारीख पुढे गेली तरी चालेल. रक्ताच्या चाचणीवर अँटिहिस्टामिनचा परिणाम होत नाही.

तातडीचा प्लॅन न मागता परतणे

सिट्रिझिन किंवा ॲव्हिल गांधी कमी करतं, पण श्वास अडकणं, आवाज बसणं, वारंवार उलट्या, मूल गळून जाणं हे थांबवत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, आणि सोबत १०८ ला फोन. स्नायूतला डोस दर किलोला ०.०१ मिग्रॅ, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ठरलेला डोस भरलेलं तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे १ मिलीत १ मिग्रॅच्या अँप्यूलचा (काचेच्या कुपीचा) विचार होतो. ते मुलाला घरी द्यायचं का, कोणत्या सिरिंजने, कसं भरायचं, हे डॉक्टरांकडून हातात सिरिंज घेऊन शिकल्याशिवाय करू नका. इन्सुलिनची सिरिंज वापरली तर युनिटच्या खुणांमुळे डोस चुकतो आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. लिहिलेला प्लॅन मराठीतही मागा, म्हणजे आजीला, पाळणाघरातल्या ताईंना आणि शाळेतल्या बाईंना वाचता येईल.