अव्वल क्वार्टरबॅकचा पासिंगचा खेळ कसा मोडावा: बचाव फळीसाठी मार्गदर्शन

अमेरिकन फुटबॉलमधल्या अव्वल क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूच्या) खेळाचा सगळा भार वेळेच्या गणितावर असतो. स्नॅप झाल्यापासून (म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू झाल्यापासून) चेंडू हातातून सुटेपर्यंत त्याला साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत किती पावले मागे यायचे, पास झेलणाऱ्या पहिल्या रिसीव्हरकडे कधी पाहायचे आणि तो मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे कधी वळवायची, हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. चेंडू बहुतेक वेळा रिसीव्हर वळण्याच्या आधीच निघतो, कारण तो रिसीव्हर जिथे पोहोचणार असतो त्या जागेवर टाकलेला असतो. म्हणून बचाव फळीने दोन गोष्टी साधायच्या असतात. क्वार्टरबॅकची पहिली नजर वाया घालवायची आणि दुसरी नजर स्थिरावण्याच्या आत आपला माणूस त्याच्यापर्यंत पोहोचवायचा. मागच्या फळीने मिळवून दिलेले अर्धे सेकंद पुढच्या फळीने वापरले नाही, तर दोघांचीही मेहनत फुकट जाते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉलचा (धक्काबुक्कीऐवजी कमरेची फ्लॅग, म्हणजे पट्टी, ओढून खेळाडूला थांबवण्याच्या प्रकाराचा) समावेश झाला आहे, आणि त्यात पुरुष व महिला या दोन्ही गटांच्या स्पर्धा होणार आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीतल्या ज्या क्रीडाशिक्षकांना आपल्या शाळा-महाविद्यालयांत हा खेळ सुरू करायचा असेल, त्यांनी बचावापासून सुरुवात करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. लांबचा अचूक पास टाकणारा खेळाडू घडायला काही वर्षे लागतात. कबड्डी खेळलेल्या आपल्या मुलामुलींकडे मात्र समोरच्याच्या कमरेवर आणि पायांवर नजर ठेवण्याची, तो कोणत्या बाजूला वळणार हे आधी ओळखण्याची आणि शेजारच्या गड्याबरोबर एकाच वेळी झेप घेण्याची सवय आधीपासूनच असते.

चौघांनीच दबाव आणावा

अकरा जणांच्या खेळात आक्रमक संघाचे पाच लाइनमन क्वार्टरबॅकसमोर भिंत उभी करतात आणि पास झेलण्यासाठी जास्तीत जास्त पाच जण धावू शकतात. बचावाने पुढे चौघेच पाठवले, तर मागे सात जण उरतात, म्हणजे पाच जणांवर सात. ब्लिट्झ करून, म्हणजे नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर सोडून, सहा जण पाठवले, तर मागे पाचच राहतात आणि ब्लिट्झ करणारा ज्या जागेवरून निघाला ती जागा मोकळी पडते. सामान्य क्वार्टरबॅक अशा वेळी गडबडतो. अव्वल दर्जाचा क्वार्टरबॅक ती मोकळी जागा स्नॅपच्या आधीच हेरून ठेवतो आणि चेंडू तिथे पोहोचवतो. म्हणून अव्वल खेळाडूवर सतत ब्लिट्झ करत राहणे हा माझ्या मते उतावीळपणा आहे. ब्लिट्झ जरूर ठेवावा, पण सामन्यात मोजक्या वेळी आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने.

फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पॅट्रियट्स सलग १८ सामने जिंकून उतरले होते आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने त्या नियमित मोसमात ५० टचडाउन पास (शेवटच्या रेषेपलीकडे झेलले जाऊन किंवा नेले जाऊन गुण देणारे पास) दिले होते. न्यूयॉर्क जायंट्सने त्याला ५ वेळा सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडले, आणि सामना १७-१४ असा जिंकला. त्या दिवशी कडेने दबाव आणणाऱ्या जायंट्सच्या जस्टिन टकला अनेकदा मधल्या जागेवर, गार्डसमोर (आतल्या बाजूच्या लाइनमनसमोर), उभे केले होते, आणि ही चाल नीट समजून घेण्यासारखी आहे. कडेने दबाव आला की क्वार्टरबॅक दोन पावले पुढे सरकतो आणि पास देऊन मोकळा होतो. दबाव सरळ मधून आला, तर पुढे सरकायला जागाच राहत नाही आणि त्याला पाय न रोवता, मागे झुकून चेंडू फेकावा लागतो. ब्रेडीसारख्या जागेवर उभे राहून खेळणाऱ्याला मधला दबाव सर्वांत जाचक ठरतो.

फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये व्हिक फँजिओ यांच्या मार्गदर्शनाखालच्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावाने समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्यावर एकदाही ब्लिट्झ केला नाही. तरीही तो ६ वेळा सॅक झाला, त्यांपैकी अडीच सॅक एकट्या जॉश स्वेटच्या नावावर होते. महोम्सचे दोन पास बचावाने झेलले आणि ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे हरवले. चौघांनी काम उरकल्यामुळे मागचे सात जण निवांतपणे आपापली जागा धरून होते, आणि पाहावे तिकडे माणूस दिसत असल्याने महोम्सला चेंडू हातात धरून ठेवावा लागला.

या चौघांच्या तंत्रात पहिली शिस्त म्हणजे निघण्याची वेळ. क्वार्टरबॅकच्या आवाजावर निघू नये. तो मुद्दाम आवाज लांबवतो आणि फसवतो. नजर चेंडूवर ठेवावी आणि चेंडू हलला की निघावे. दुसरी शिस्त हातांची. लाइनमन छातीवर दोन्ही हात टेकवायला येतो, तेव्हा त्याच्या मनगटांवर खालून किंवा बाजूने झटका देऊन हात उडवावेत आणि त्याच क्षणी आतला पाय त्याच्या पायापलीकडे टाकावा. हात आधी आणि पाय मागाहून असे झाले, तर तो पुन्हा समोर येतो. तिसरी शिस्त मार्गाची. कडेचा खेळाडू क्वार्टरबॅक जितका मागे उभा आहे त्याच्याही पलीकडे धावत गेला, तर तो निव्वळ प्रेक्षक होतो आणि त्याने सोडलेल्या वाटेने महोम्ससारखा खेळाडू पळून जातो. चौघांमधले अंतर सारखे राहिले पाहिजे. मधूनमधून कडेच्याने आत शिरावे आणि आतल्याने त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन बाहेर यावे. कोणी कोणाला अडवायचे याचा लाइनमनांना क्षणभर संभ्रम पडतो आणि तेवढा क्षण पुरतो.

स्नॅपआधी काय दाखवावे

क्वार्टरबॅक स्नॅपआधी सर्वांत प्रथम दोन सेफ्टींकडे (सर्वांत मागे राहणाऱ्या बचावपटूंकडे) पाहतो. दोघेही खोलवर, म्हणजे बरेच मागे, उभे असतील, तर मधला भाग उघडा असेल असा अंदाज तो बांधतो. एकच खोलवर असेल, तर कडेने लांब पास जाईल असे ठरवतो. त्याचा पहिला रिसीव्हर या अंदाजावर ठरतो, आणि म्हणून हा अंदाज खोटा पाडणे हे मागच्या फळीचे सर्वांत मोलाचे काम आहे. दोन सेफ्टी खोलवर उभे करावेत आणि चेंडू हलताच एकाने धावत पुढे, मधल्या भागात यावे. पुढच्या वेळी उभे तसेच राहावे, पण पुढे येऊ नये. कबड्डीत कोपरारक्षक मुद्दाम सैल उभा राहून चढाईपटूला निदान रेषेपलीकडे खोल येऊ देतो आणि मग घोटापकड करतो, त्यातली जाण इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

यातली अवघड गोष्ट संयमाची आहे. नवखा सेफ्टी स्नॅपच्या दोन-तीन सेकंद आधीच सरकू लागतो, आणि क्वार्टरबॅक ते पाहून हाक देतो व चाल बदलतो. त्याच्याकडे चाल बदलण्याइतका वेळ उरणार नाही, इतक्या उशिरापर्यंत जागा धरून ठेवण्याचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा. उशीर झाल्याने सेफ्टी एखादे पाऊल मागे पडला तरी चालेल, पण त्याने आधी चाहूल देऊ नये.

मागच्या फळीने काय सोडावे, काय धरावे

सगळेच पास अडवता येत नाहीत, त्यामुळे कोणते पास सोडायचे हे प्रशिक्षकाने आधी ठरवावे. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हर ब्राँकोजच्या पेटन मॅनिंगने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले. सुपर बोलमधला तो त्या वेळचा विक्रम होता. तरीही सिएटल सीहॉक्सने सामना ४३-८ असा जिंकला, आणि हे त्या मॅनिंगच्या संघाविरुद्ध घडले ज्याने त्याच मोसमात ५५ टचडाउन पास देऊन विक्रम केला होता. सिएटलने आखूड पास झेलू दिले, पण झेलणाऱ्याला झेलल्या जागीच पाडले. लांबची वाट मात्र त्यांनी बंद ठेवली. २८० यार्ड मिळूनही मॅनिंगला एकच टचडाउन पास देता आला आणि त्याचे दोन पास बचावाने झेलले. त्यांपैकी एक सिएटलच्या माल्कम स्मिथने ६९ यार्ड धावून टचडाउनमध्ये बदलला. पूर्ण झालेल्या पासांची संख्या पाहून घाबरू नये, प्रत्येक झेलानंतर किती यार्ड गेले ते मोजावे.

टॅम्पा बे बकनियर्सची गोष्ट याहून बोलकी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये चीफ्सचा रिसीव्हर टायरीक हिल याने त्यांच्याविरुद्ध एकट्या पहिल्या सत्रात २०३ यार्ड मिळवले होते. सव्वादोन महिन्यांनी सुपर बोलमध्ये हेच संघ पुन्हा भेटले, तेव्हा बचावाचे प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी दोन सेफ्टी खोलवर ठेवले, ब्लिट्झ जवळजवळ बंद केला आणि चौघांच्या दबावावर भिस्त ठेवली. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (कडेचे लाइनमन) दुखापतीमुळे बाहेर होते, हेही त्यांनी हेरले असणार. चीफ्सला एकही टचडाउन मिळाले नाही आणि टॅम्पा बे ३१-९ असे जिंकले. ज्या योजनेने नोव्हेंबरमध्ये मार बसला, ती सोडून देण्याचा मोकळेपणा मला या सामन्यात सर्वांत जास्त भावतो.

कॉर्नरबॅकने (कडेच्या रिसीव्हरवर बचाव करणाऱ्याने) चेंडूच्या रेषेपासून पहिल्या पाच यार्डांतला आपला हक्क वापरावा. एनएफएलमध्ये १९७८ पासून त्यापुढे रिसीव्हरला धक्का देता येत नाही, पण त्या पाच यार्डांत छातीवर हात ठेवून त्याचा वेग मोडता येतो. त्याची धाव एका पावलाने लांबली, तरी क्वार्टरबॅकचा पास ठरल्या जागी माणूस नसताना पोहोचतो. माणसावर बचाव करताना रिसीव्हरच्या डोळ्यांकडे किंवा खांद्यांकडे पाहू नये, कमरेकडे पाहावे. झोनमध्ये असताना (माणसाऐवजी ठरलेली जागा राखताना) क्वार्टरबॅकच्या खांद्यांकडे पाहावे, कारण तो ज्या दिशेला फेकणार त्या दिशेला पुढचा खांदा आधी वळतो.

आपल्या मैदानावर, फ्लॅगच्या नियमांत

फ्लॅग फुटबॉल पाच जणांचा असतो. त्यात धक्काबुक्की चालत नाही, कमरेची फ्लॅग ओढली की चाल संपते, आणि दबाव आणणाऱ्याला स्नॅपच्या वेळी चेंडूच्या रेषेपासून ७ यार्ड, म्हणजे सुमारे ६.४ मीटर, मागे उभे राहावे लागते. लाइनमन नसल्याने त्याला अडवणारे कोणी नसते, म्हणून ६.४ मीटर आणि त्यापुढे क्वार्टरबॅकपर्यंतचे अंतर तो किती वेळात कापतो, हाच कळीचा मुद्दा. फक्कीने दोन रेषा आखाव्यात, क्वार्टरबॅकच्या जागी एक जण उभा करावा आणि दर वेळी स्टॉपवॉच लावून वेळ वहीत लिहावी. संघातला सर्वांत वेगवान गडी बहुतेक जण मागे ठेवतात, मी त्याला दबावासाठी वापरेन.

त्याने सरळ रेषेत धावू नये. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकत असेल, तर त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेरच्या अंगाने यावे, म्हणजे तो डावीकडे ढकलला जातो आणि शरीराला आडवा हात काढून फेकताना त्याचा पास कमजोर होतो. मैदान जेमतेम २५ यार्ड रुंद असते, त्यामुळे एका बाजूला ढकललेल्या क्वार्टरबॅकसाठी अर्धे मैदान संपल्यातच जमा होते. उरलेल्या चौघांनी सुरुवातीला दोन पुढे, दोन मागे असे उभे राहावे आणि पुढे सरावल्यावर चेंडू हलताच एकाने जागा बदलण्याचा प्रयोग करावा. खो-खो खेळलेल्यांना पळत्या माणसाच्या कमरेपर्यंत हात नेणे जमते, पण फ्लॅग ओढताना वेग कमी करून पाय रुंद ठेवायला त्यांना शिकवावे लागते, नाहीतर ते त्याच्यापुढे निघून जातात.

मराठवाड्यात हा सराव कुठे आणि कधी घ्यायचा याचाही विचार हवा. काळ्या जमिनीचे मैदान एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि दिशा बदलताना घोटे मुरगळतात. पावसाळ्यात तीच जमीन बुटांना चिकटते. मुरमाचे किंवा गवताचे मैदान मिळाले तर तेच घ्यावे आणि उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत आटोपावे.

सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. मुलांना तो नंतर दाखवायचा असेल, तर प्रत्येक स्नॅपच्या आधी चित्र थांबवून सेफ्टी कुठे आहेत हे विचारावे आणि मग चाल पुढे सरकवावी. टीव्हीच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात खोलवरचे सेफ्टी पुष्कळदा दिसत नाहीत, अशा वेळी लाइनबॅकरच्या (पुढच्या फळीच्या लगेच मागे उभ्या असलेल्या बचावपटूच्या) जागेवरून अंदाज बांधायला लावावे.

सामना पुढे सरकला की चांगला क्वार्टरबॅक उत्तर शोधतोच. तो चेंडू लवकर सोडू लागतो, आखूड पास वाढवतो आणि दबाव पोहोचण्याआधी मोकळा होतो. तेव्हा मागच्या फळीने दोन पावले पुढे यावे, आणि दबाव आणणाऱ्याला आपण पोहोचणार नाही असे जाणवले की त्याने जागेवरच दोन्ही हात उंच करून पासच्या वाटेत उभे राहावे. दबावाचे काम दोघा-तिघांत वाटून द्यावे, कारण शेवटच्या दहा मिनिटांत दमलेला गडी अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो, आणि अव्वल क्वार्टरबॅक त्या अर्ध्या सेकंदाचीच वाट पाहत असतो.