ऑनलाइन शॉर्ट कोर्स: प्राध्यापकांना मदत करताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या ई-लर्निंग कक्षाला विभागातून येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: 'स्टुडिओ कधी मिळेल?' कोर्स किती तासांचा, परीक्षा कशी, प्रमाणपत्र कोण देणार, हे ठरायच्या आधीच कॅमेऱ्याची तारीख लागते. मग वर्गातल्या तासाची १०-१२ रेकॉर्डिंग्ज तयार होतात, ती मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीवर) चढतात, आणि त्यालाच कोर्स म्हणायचं ठरतं. स्टुडिओची तारीख देण्याआधी दोन कागद मागा: तासांचा हिशेब आणि शेवटच्या चाचणीचा कच्चा मसुदा. हे दोन नसतील तर तारीख देऊ नका, थोडी नाराजी पत्करा.

तासांचा हिशेब न करणं

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय, चाचणी सगळं त्यात आलं. म्हणजे २ क्रेडिटचा कोर्स ६० तासांचा, आणि तो ४ आठवड्यांत कोंबला की आठवड्याला १५ तास. नोकरी करणाऱ्याला हे झेपत नाही. तो दुसऱ्या आठवड्यातच गळतो. तोच कोर्स १० आठवड्यांचा केला तर आठवड्याला ६ तास येतात. विभागाला छोटाच कोर्स हवा असेल तर १ क्रेडिट आणि ६ आठवडे ठेवा, आठवड्याला ५ तास पडतील.

या ५ तासांची वाटणी साधारण अशी बसते: व्हिडिओ ४५ मिनिटं, वाचन दीड तास, स्वाध्याय २ तास, चर्चा अर्धा तास, चाचणी १५ मिनिटं. व्हिडिओ जेमतेम पाऊण तासाचा आहे, आणि सगळी मेहनत मात्र त्याच्यावरच खर्च होते. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सची रचनासुद्धा व्हिडिओ, वाचनसाहित्य, मूल्यमापन आणि चर्चा अशा चार भागांची आहे. तयारीचा क्रम उलटा धरा: आधी शेवटची चाचणी, मग स्वाध्याय, मग वाचनसाहित्य, आणि जे लिहून समजत नाही तेवढ्याचाच व्हिडिओ.

व्हिडिओ

६ ते ८ मिनिटांचा एक तुकडा, एका तुकड्यात एकच मुद्दा. 'मागच्या सोमवारी आपण पाहिलं' किंवा 'यंदाच्या परीक्षेत' असली वाक्यं नकोत. पुढच्या बॅचला तोच व्हिडिओ निरुपयोगी होतो. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा: कॉलर माइक लावा, पंखा बंद करा. १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट) दराने १० मिनिटांची फाइल साधारण ७५ एमबी होते. स्लाइडवरच्या व्याख्यानाला याहून कमी दरही चालतो. फाइल थेट मूडलवर चढवू नका, कारण कोर्सचा बॅकअप फुगतो आणि ऐन वेळी अडकतो. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवून कोर्सच्या पानात एम्बेड करा, म्हणजे तो तिथेच चालेल.

मराठी मजकुराचे घोळ

विभागातून आलेली नोट्सची फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असते. वर्डमध्ये ती नीट दिसते, मूडलमध्ये चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. युनिकोड कन्व्हर्टर वापरा, पण संपूर्ण फाइल एकदम घालू नका: मधले इंग्रजी शब्द आणि सूत्रंही 'मराठी' होऊन बसतात. रूपांतर झाल्यावर रफार, 'ऱ्य', अवतरणचिन्हं आणि आकडे माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवेत.

मूडलवर चढवायची विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्ही फाइलमध्ये सेव्ह केली की देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा.

प्रमाणपत्राचं दुखणं वेगळं. मूडलच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं सुटी पडू शकतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. 'क्षितिज' आणि 'ऋत्विज' अशी नावं घालून आधीच एक नमुना काढून बघा. बिघडत असेल तर कायमचा मराठी मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रात टाका आणि नाव रोमन लिपीत छापा, किंवा प्रमाणपत्रं वर्डच्या मेल-मर्जने (यादीतली नावं एका नमुन्यात आपोआप भरून) बाहेर तयार करा. निकालाच्या दिवशी हा शोध लागू नये.

चाचणी: सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या

सकाळी ११ ला चाचणी उघडायची आणि १२ ला बंद करायची, ही ऑफलाइन परीक्षेची सवय आहे. ३०० जण एका मिनिटात 'स्टार्ट' दाबतात आणि सर्व्हर मान टाकतो. त्याऐवजी चाचणी दोन दिवस उघडी ठेवा आणि प्रत्येकाला ४० मिनिटांची वेळमर्यादा द्या. मात्र एक लक्षात ठेवा: बंद होण्याची वेळ वेळमर्यादेपेक्षा वरचढ असते. रात्री १२ ला बंद होणारी चाचणी ११:४० ला सुरू केली तर २० मिनिटंच मिळतात. हे सूचनेत ठळक लिहा, निम्मे वाद तिथेच मिटतील. वेळ संपल्यावर उत्तरपत्रिका आपोआप जमा व्हावी, हे सेटिंगही तपासा.

चाचणीनंतर विद्यार्थ्याला काय दिसावं हे ठरवणाऱ्या 'रिव्ह्यू ऑप्शन्स'मध्ये बरोबर उत्तरं लगेच दिसत असतील तर पहिल्या विद्यार्थ्याचा स्क्रीनशॉट दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो. उत्तरं चाचणी बंद झाल्यावरच दिसू द्या. त्यासाठी बंद होण्याची तारीख भरलेली असावी लागते. प्रश्नपेढीत हव्या त्याच्या तिप्पट प्रश्न ठेवा, म्हणजे १० प्रश्नांच्या चाचणीला ३०, आणि ते यादृच्छिक निवडू द्या.

मराठीत 'शॉर्ट आन्सर' प्रश्न आपोआप तपासायला देऊ नका. अंत आणि अन्त, ऱ्हस्व-दीर्घ, 'ऱ्य' टंकण्याच्या दोन पद्धती: अर्थ एकच असला तरी मशीन उत्तर चूक ठरवतं. बहुपर्यायी प्रश्न द्या. संख्यात्मक उत्तर हवं असेल तर आकडे इंग्रजी अंकांत भरा असं प्रश्नातच लिहा.

गुणतक्त्यातली फसवी टक्केवारी

पाच चाचण्यांपैकी एकच दिलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे ९० टक्के दिसतात, आणि विभागप्रमुख विचारतात की हा उत्तीर्ण कसा? मूडलमध्ये 'एक्स्क्लूड एम्प्टी ग्रेड्स' (रिकामे गुण वगळा) हा पर्याय मुळातच चालू असतो; न दिलेली चाचणी शून्य न धरता ती हिशेबातूनच वगळली जाते. कोर्स चालू असताना ते सोयीचं, कारण विद्यार्थ्याला उगाच कमी गुण दिसत नाहीत. निकाल काढण्यापूर्वी मात्र गुणतक्त्याच्या सेटअपमध्ये जाऊन त्या पर्यायाची खूण काढा, मगच एक्सेल उतरवून परीक्षा विभागाला द्या. खूण राहिली तर निकाल चुकीचा जाहीर होतो, आणि तो मागे घेणं हा वेगळाच ताप.

कोर्स सुरू झाल्यावर

सगळ्या पाहुण्या व्याख्यात्यांना 'टीचर'चे अधिकार देऊ नका; कुणी ना कुणी कोर्सचा एखादा अख्खा भाग उडवतोच. त्यांना 'नॉन-एडिटिंग टीचर' (कोर्समध्ये बदल करता न येणारा शिक्षक) पुरे. 'अनाउन्समेंट्स' या सूचनांच्या जागेत विद्यार्थ्यांना उत्तर लिहिता येत नाही, म्हणून शंकांसाठी वेगळी चर्चा उघडा. सूचनेचा ईमेलही लगेच जात नाही. दुरुस्तीसाठी ठेवलेली ३० मिनिटं संपल्यावर तो निघतो. तासाच्या पाच मिनिटं आधी लिंक टाकून उपयोग नाही. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी बैठक तुटते, तेव्हा थेट तास ३५ मिनिटांचा आखा किंवा विद्यापीठाचं खातं वापरा.

'विद्यार्थी म्हणून पाहा' हा पर्याय दाबून तपासणी झाली असं समजू नका. पूर्णतेच्या खुणा आणि पुढचा भाग उघडण्याच्या अटी त्यात खऱ्या विद्यार्थ्यासारख्या दिसतीलच असं नाही. एक स्वतंत्र चाचणी-खातं करा, साध्या अँड्रॉइड फोनवर मोबाइल डेटावरून लॉगिन करा, आणि पहिल्या आठवड्यापासून प्रमाणपत्रापर्यंत सगळा कोर्स एकदा स्वतः संपवा. वायफायवर मोठ्या पडद्यासमोर बसून केलेली तपासणी विद्यार्थ्यांच्या उपयोगाची नाही.

परवानगीचा प्रश्न प्राध्यापक सहसा शेवटी काढतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (साहित्य इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या) परवान्यात 'एनडी', म्हणजे बदलाला मनाई असेल तर त्या साहित्याचं मराठी भाषांतर करून कोर्समध्ये देता येत नाही. साधा 'सीसी बीवाय' (फक्त श्रेयाची अट) असेल तर श्रेय देऊन देता येतं. भाषांतराचं काम वाटण्याआधी हे बघा.

दुसरी बॅच सुरू करताना जुन्याच कोर्समध्ये नवे विद्यार्थी भरले की जुन्या चर्चा, जुने गुण आणि उलटून गेलेल्या तारखा सगळं एकत्र होतं. विद्यार्थ्यांची माहिती वगळून बॅकअप घ्या आणि तो नव्या कोर्समध्ये रिस्टोअर करा. मग प्रत्येक चाचणीची उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख हाताने पडताळा. बंद होण्याची एकही तारीख मागच्या वर्षीची राहिली तर ती चाचणी विद्यार्थ्यांना बंदच दिसेल.