जुन्या पीसीत बूट मॅनेजरची फ्लॉपी घालण्याआधी

हळदीच्या अडत दुकानात माळ्यावर पेंटियमच्या काळातला पीसी पडून असेल आणि त्यात जुन्या खतावण्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या असतील, तर त्या बाहेर काढताना एक गोष्ट पक्की धरा: बूट मॅनेजर (सीडी किंवा यूएसबीवरून जुनं मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फ्लॉपीवरूनच चालवायचा. पूर्ण नक्कल हातात येईपर्यंत हार्ड डिस्कवर एक बाइटही लिहायचा नाही.

२०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलेलं मशीन असेल तर ते सुरूच करू नका. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून कृष्णेचा गाळ आत गेलेला असतो. अशी डिस्क एकदाही न फिरवता डेटा काढून देणाऱ्याकडे सोपवा.

कोरड्या मशीनमध्ये सगळ्यात आधी बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सेटअप उघडा (बहुतेक ठिकाणी डिलीट की) आणि हार्ड डिस्कच्या पानाचा फोटो घ्या. डिस्कची मापं (सिलिंडर, हेड, सेक्टर) आणि ती वाचण्याचा मोड नॉर्मल, लार्ज की एलबीए, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. बॅटरी काढली की हे आकडे जातात, आणि ऑटोने वेगळा मोड धरला तर चांगली डिस्कही कोरी वाटते. फोटो झाल्यावरच सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी बदला. जुन्या बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम नळकांडी असेल तर ती हिरवट होऊन गळली आहे का पाहा; ते पाणी तांब्याच्या रेषा खातं. बूट सिक्वेन्स ए, सी (आधी फ्लॉपी, मग हार्ड डिस्क) ठेवा.

मशीन सुरू होताना ऑनट्रॅक या डिस्क सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं नाव दिसतंय का, हेही बघून ठेवा. त्या काळच्या बायोसला ५०४ एमबी किंवा ८.४ जीबीच्या पुढची डिस्क कळत नसे, म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये ओव्हरले, म्हणजे मोठी डिस्क ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, बसवत. थेट फ्लॉपीवरून बूट केलं की तो ओव्हरले चढत नाही आणि पार्टिशन दिसत नाही. तिथे घाबरून फॉरमॅट करणारे बरेच असतात. ऑनट्रॅकचा संदेश आल्यावर स्पेसबार दाबून मग फ्लॉपी लावली की ओव्हरले आधी चढतो आणि डॉसला डिस्क नीट दिसते.

आता फ्लॉप्या. १.४४ एमबीच्या तीन घ्या, कारण एक तरी दगा देतेच. पत्र्याचं झाकण सरकवून चकती फिरवून बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, आणि ती ड्राइव्हच्या हेडला लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खराब करते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. बूट मॅनेजरची इमेज फाइल (अख्ख्या फ्लॉपीची नक्कल) फ्लॉपीवर कॉपी करायची नसते, रॉराइट किंवा लिनक्सच्या डीडी प्रोग्रामने सेक्टर-सेक्टर उतरवायची असते. दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी इथे वाचली गेली नाही, तर बहुधा दोन ड्राइव्हच्या हेडची रेघ जुळत नाही. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी आहे.

कोणता बूट मॅनेजर, ते मशीनवर ठरतं. पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची खाच) आणि यूएसबी पोर्ट असेल तर प्लॉप बूट मॅनेजर. त्याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असल्याने बायोसचा आधार लागत नाही. फक्त आयएसए या त्याहून जुन्या स्लॉटचं ४८६ (पेंटियमच्या आधीच्या प्रोसेसरचं मशीन) असेल तर स्मार्ट बूट मॅनेजर आणि आयडीई सीडी ड्राइव्ह. सीडीवरून बूट करण्याचं एल टोरिटो हे मानकच १९९५ चं, त्याआधीच्या बायोसला ते ठाऊक नाही. साउंड कार्डाला जोडलेला आयडीई ड्राइव्ह असेल तर तो मदरबोर्डच्या दुसऱ्या केबलवर घ्या. सीडी-आरच वापरा, बऱ्याच जुन्या ड्राइव्हना सीडी-आरडब्ल्यू वाचता येत नाही. त्यावर डॅम स्मॉल लिनक्स या सीडीवरूनच चालणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची २००८ ची ४.४.१० आवृत्ती घाला, ती ५० एमबीत मावते. यूएसबी कीबोर्डच्या भरवशावर राहू नका, जुना गोल पिनचा हाताशी ठेवा.

लिनक्समध्ये जुनी डिस्क एचडीए नावाने दिसते, नक्कल घ्यायचा पेनड्राइव्ह एसडीए. डीडीच्या आज्ञेत ही दोन नावं उलटी पडली तर सगळं संपलं, म्हणून एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचा. प्रथम सुरुवातीचे ६३ सेक्टर वेगळ्या फाइलमध्ये घ्या. ओव्हरले आणि काही प्रोग्रामांची परवान्याची खूण तिथेच असते. नंतर संपूर्ण डिस्क. पेनड्राइव्ह फॅट ३२ असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, तुकडे करावे लागतात. यूएसबी १.१ वर सेकंदाला जेमतेम १ एमबी सरकतो, म्हणजे २ जीबीला पाऊण तास धरा. तेवढा वेळ टिकणारा यूपीएस लावूनच बसा.

मराठी नोंदी जिस्ट कार्डवर (संगणकात भारतीय लिपी आणणारं सी-डॅकचं कार्ड) केलेल्या असतील तर त्या इस्की या युनिकोडआधीच्या भारतीय संकेतात असतात. नव्या मशीनवर त्या अगम्य अक्षरं म्हणून दिसतील. डेटा बिघडला असं समजू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ते कार्ड आणि त्याचा आयएसए स्लॉट शाबूत ठेवा, पडताळणीला लागतं.

पुढे बूट मॅनेजर डिस्कवर कायमचा बसवायचाच असेल तर बायोसमधली व्हायरस वॉर्निंग आधी बंद करा, नाहीतर पहिल्या सेक्टरवर लिहिताना ती अडवते. ओव्हरले असलेल्या डिस्कवर मात्र तो बसवू नका, आणि तिथे एफडिस्क एमबीआर ही पहिला सेक्टर नव्याने लिहिणारी डॉसची आज्ञाही चालवू नका.