पंप वाढवण्याआधी: जुन्या ट्रक-ट्रेलरच्या कामाला लागणाऱ्या पोरांसाठी

वणी-घुग्घुस पट्ट्यात गॅरेज असलं की एक वाक्य कायम कानावर पडतं. "भाऊ, गाडी उचलत नाई, थोडा पंप वाढवून दे." पंप म्हणजे इंजिनाला मोजून डिझेल देणारा फ्युएल पंप; तो वाढवणं म्हणजे त्याचं डिझेल वाढवणं. कोळशाचा ट्रेलर असो, गडचांदूरकडचा सिमेंटवाला असो की हंगामात कापसाच्या गाठी भरून निघालेला ट्रक, मागणी हीच. आयटीआय करून कामाला लागणाऱ्या पोरांनाही हेच शिकायचं असतं: कुठला स्क्रू किती फिरवला की गाडी पळते. तो स्क्रू दाखवायला पाच मिनिटं पुरतात. पण या धंद्यातला पैसा आणि नाव त्या स्क्रूपर्यंत पोचायच्या आधीच्या कामात आहे, म्हणून मी जास्त त्याबद्दलच लिहितोय.

जुनं इंजिन म्हणजे ज्यात ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, डिझेल किती जायचं ते पंपातला गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) ठरवतात. आपल्याकडे त्यात मुख्यतः दोन घराणी भेटतील. एक टाटाचं 697. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर, 5675 सीसी. 1954 साली टाटांनी मर्सिडीज-बेंझशी हातमिळवणी केली त्या वंशातलं. दुसरं टाटा कमिन्सचं 5.9 लिटरचं, 102 बोअर आणि 120 स्ट्रोकचं. अशोक लेलँडची हिनो इंजिनंही येतात, खाणीतल्या जुन्या डंपरांत पीटी पंपवाली मोठी कमिन्स असतात. पीटी ही कमिन्सची स्वतःची पंपाची पद्धत, तिचं गणितच वेगळं आहे, ते नवीन पोरानं पहिल्या दिवसापासून डोक्यात घेऊ नये. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 हे धुराचं मानक आलं आणि नव्या ट्रकमध्ये वायरिंग आणि सेन्सरचं राज्य सुरू झालं. त्याच्या आधीच्या गाड्या हा आपला विषय.

आता थोडा हिशोब, कारण हिशोब न कळता पाना हातात घेणारे खूप पाहिलेत. टाटाचा 3516 ट्रेलरचा घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) घ्या. 35 म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन टनात, 16 म्हणजे 160 हॉर्सपॉवर. इंजिन तब्येतीनं ठणठणीत असेल तर 160 हॉर्सपॉवर काढायला तासाला साधारण 25 किलो, म्हणजे 30 लिटर डिझेल जाळावं लागतं. काळा धूर नको असेल तर 1 किलो डिझेलला निदान 20 किलो हवा धरा. म्हणजे तासाला 500 किलो हवा! पॉवर वाढवायची तर डिझेलबरोबर हवाही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. पंपावरचा स्क्रू फक्त डिझेल वाढवतो. हवा नसेल तर जादा डिझेल सायलेन्सरमधून काळं होऊन निघतं आणि मालकाचा ॲव्हरेज पडतो. त्यात आपला मे महिना. 25 अंशाच्या मानानं 45 अंशाला हवा साधारण 6 टक्के विरळ होते. म्हणून उन्हाळ्यात गाडी मरगळल्याच्या तक्रारी वाढतात; त्यातल्या कित्येकांचा पंप अगदी ठीक असतो.

माझ्या अंदाजानं "पॉवर वाढवून दे" म्हणणाऱ्या दहांतल्या आठांना वाढीव पॉवर नकोच असते. कंपनीनं दिलेली पॉवर कुठेतरी गळालेली असते, ती परत हवी असते.

ती शोधायची सुरुवात केबिनमधून करा. एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते डोळ्यानं पाहा. लिंकेज झिजलेलं असतं, बॉल जॉइंट सैल असतो, कधी पायाखालची जाड चटई पेडल पूर्ण जाऊच देत नाही. अशी गाडी आली की पोरं हसतात, पण मालक खूश होऊन जातो. मग चाकं हातानं मोकळी फिरतात का, ब्रेक धरून तर राहिलेला नाही ना, क्लच घसरतो का, हे बघा.

नंतर हवा. कोळशाच्या रस्त्यावरच्या गाडीचा एअर क्लिनर बाहेरून ठीक दिसतो आणि घडीघडीत काळी पूड बसलेली असते. टर्बो इंजिनासाठी हवा दाबतो, इंटरकूलर ती गार करतो, मॅनिफोल्ड ती सिलिंडरांना वाटतो. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड, प्रत्येक होस आणि क्लिपवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे पाहा. ज्या पंपावर बूस्टचा डबा आहे, त्याच्या आत रबराचा पडदा असतो आणि मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी त्याला येते. टर्बोनं दाब दिला की पडदा ढकलला जातो आणि तेव्हाच पंप पूर्ण डिझेल सोडतो. पडदा फाटला किंवा नळीला चीर गेली, की गाडी बिनटर्बोसारखी चालते, धूरही देत नाही, आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की पंप कमी झालाय. हा दोष ओळखता आला की तुम्ही कामाचे झालात.

मग डिझेल: टाकीतली जाळी, फीड पंप, फिल्टर, कुठे हवा ओढतेय का. मग मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट काम न करणं. इंजिन आयडलवर ठेवून एकेका सिलिंडरच्या हायप्रेशर पाईपचा नट पान्यानं जरासा सैल करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. डोळ्यावर चष्मा हवा आणि नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) फवाऱ्यासमोर हात कधीच नको. नोझल टेस्टरवर 200 बारच्या आसपास दाब असतो, फवारा कातडी फोडून आत जातो, वरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठायचं.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर: 697 ला इनलेट 0.20 आणि एक्झॉस्ट 0.30, कमिन्स 5.9 ला 0.25 आणि 0.51 मिलिमीटर. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर भकाभका येत असेल तर रिंग-लायनर गेलेत. तिथे पंपाला हात लावणं म्हणजे मालकाला फसवणं.

टायमिंगवर, म्हणजे पंप नेमका कधी डिझेल सोडतो यावर, मी थोडं रेंगाळणार आहे, कारण हे काम डोळ्या-कानाचं आहे आणि शिकवणारे कमी उरलेत. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला आणायचा. पंपाच्या एक नंबर लाईनचा होल्डर खोलून आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ वाटीत ठेवायचे, होल्डर परत कसायचा आणि त्यावर वाकडी नळी लावायची. रॅक पूर्ण डिझेलवर. हातपंप मारला की नळीतून धार लागते. आता क्रँक किंचित मागे नेऊन, फिरायच्या दिशेनंच हळूहळू पुढे आणायचा. धार बारीक होते, तुटते, थेंब होतात. थेंब जवळजवळ थांबला की थांबा आणि फ्लायव्हीलवरचा किंवा पुलीवरचा अंश वाचा. इंजिनाच्या प्लेटवर दिलेल्या अंशाशी जुळत नसेल तर कपलिंग सैल करून पंप जुळवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे गेलात म्हणून मागे फिरवून वाचलं तर गिअरमधला ढिलेपणा आकड्यात शिरतो, ते चालत नाही. टायमिंग मागे असेल तर गाडी सुस्त, गरम आणि थंडीत पांढरा धूर. फार पुढे असेल तर ठकठक आणि हेड-पिस्टनवर मार.

एवढं सगळं नीट असून गाडी उचलत नसेल तर पंप काढून पंपाच्या लॅबला. पंप गॅरेजात उघडू नका. लॅबच्या बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) पंप फिरतो तो इंजिनाच्या निम्म्या वेगानं, म्हणजे इंजिनाचे 2500 तर पंपाचे 1250. ठरावीक स्ट्रोकमध्ये सहाही लाईनचं डिझेल काचेच्या नळ्यांत जमा होतं. नवीन पोरानं तिथे उभं राहून बघावं: एक नळी भरलेली, एक अर्धवट, असा पंप घेऊन लोक वर्षानुवर्षं गाडी हाकतात. सहाही नळ्या एका पातळीला आल्या की डिझेल वाढवायचा फुल-लोडचा स्क्रू न फिरवताही गाडीत फरक जाणवतो. झिजलेले एलिमेंट (पंपात डिझेल दाबणारे दांडे आणि त्यांच्या नळ्या) बदला, नोझलचा दाब एकसारखा करा.

खरोखर वाढवायचंच असेल तर? इंजिन नवं केलेलं, टर्बो निरोगी, रेडिएटर साफ, तरच. आणि तेही बेंचवर, थोडंसं, सहाही लाईन सारख्या ठेवून. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवून तापमान बघा. भरल्या गाडीनं चढ चढताना बराच वेळ 650-700 अंशांच्या वर राहिलं तर डिझेल मागे घ्या. ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं; तेल पिस्टनला थंड ठेवतं म्हणून तो टिकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. इंजिन तगलं तरी क्लच प्लेट, प्रॉपेलरचे क्रॉस आणि क्राउन-पिनियन पूर्वीच्याच ताकदीचे आहेत हे मालकाला आधी सांगा. गव्हर्नरची स्प्रिंग कसून आरपीएम वाढवून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात. 1994 ते 98 च्या डॉज पिकअपमध्ये हेच 5.9 कमिन्स बॉशच्या पी7100 पंपासह होतं. तिथे डिझेलची मर्यादा ठरवणारी फ्युएल प्लेट काढून पॉवर खूप वाढवतात. खरं आहे ते. पण पिकअप पूर्ण ताकदीनं चालते काही सेकंद. आपला ट्रेलर तासन् तास दबलेला असतो, आणि बाहेर 46 अंश.

पंप बसवून पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर क्लिनरचा पाईप काढून ठेवा आणि एक पोरगा हातात फळी घेऊन उभा करा. रॅक अडकला तर इंजिन सुसाट सुटतं, चावीनं थांबत नाही. फळीनं हवा बंद केली की थांबतं. हात किंवा फडकं लावायचं नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. पीयूसीत बीएस-4 आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं माप) आहे, पंप भरमसाट वाढवलेली गाडी तिथेच अडकते. आणि खरं बोलायचं तर निम्मी मागणी ओव्हरलोडमुळे येते. "काहून बे, पैसे तर देतो ना?" म्हणणारा भेटेल. त्याच्या गाडीचे ब्रेक आपण वाढवून देऊ शकत नाही, एवढंच मी सांगतो.

शिकायचा रस्ता: दहावीनंतर आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड. त्यानंतर अप्रेंटिसशिप, एसटीचा डेपो किंवा नागपूरजवळचं हिंगण्याचं मध्यवर्ती वर्कशॉप मिळालं तर सोडू नका, तिथे एकाच जातीची इंजिनं पुन्हापुन्हा खुलतात आणि हात बसतो. मग काही महिने नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात एखाद्या पंप-नोझलच्या दुकानात काढा, पगार कमी असला तरी. स्वतःचं सामान घेताना पहिल्यांदा फिलर गेज, चांगला टॉर्क पाना आणि बूस्टचं घड्याळ (टर्बोचा दाब दाखवणारं).

"जुन्या गाड्या संपल्या की काय करायचं?" हा प्रश्न बरोबर आहे. ट्रकमध्ये त्या कमी होतायत, स्कॅनर शिकावाच लागेल. पण 50 हॉर्सपॉवरखालचे ट्रॅक्टर, जुने जनरेटर आणि बोअरवेलच्या मशिनी अजून याच पंपांवर चालतात, आणि ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत. गॅरेजला लागायचं असेल तर पावसाळा धरा. गाड्या उभ्या राहतात, मालक फुल इंजिनची कामं तेव्हाच काढतात, आणि उस्तादाकडे समजावून सांगायला वेळ असतो. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की तुम्हाला फक्त पाने आणायला पाठवतील.